पहिला गेमिंग कॉम्प्युटर: सुटे भाग निवडताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. मर्यादित पैशांत पहिला गेमिंग कॉम्प्युटर असेंबल करायचा असेल, तर कोणते भाग घ्यावेत, हा तो विषय. चार पत्रे निवडून, आवश्यक तेवढी संक्षिप्त करून, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. भाव महिन्याला बदलत असल्यामुळे शक्यतो रुपयांऐवजी एकूण रकमेतील वाटा सांगितला आहे.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. माझा मुलगा बेळगावात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकतो. अभ्यास आणि गेम अशा दोन्हींसाठी त्याला कॉम्प्युटर असेंबल करून हवा आहे. मॉनिटर धरून साठ हजारांच्या पुढे जाण्याची माझी ऐपत नाही. एका दुकानातून कोटेशन आणले आहे: आय-७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट आणि २२ इंची मॉनिटर, एकूण ४२ हजार. मुलगा म्हणतो, हे अजिबात घेऊ नका. मला तर सगळे आकडे चांगले दिसतात. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर: मुलाचे ऐकावे. आपण सोबत जोडलेल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत जे मॉडेल क्रमांक लिहिले आहेत, ते वाचल्यावर चित्र स्पष्ट होते. त्यातील आय-७ हा ४७७० क्रमांकाचा, म्हणजे चौथ्या पिढीचा प्रोसेसर असून तो २०१३ मध्ये बाजारात आला. त्याच्यासोबत एच-८१ मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी) आणि डीडीआर-३ या जुन्या प्रकारची रॅम दिली आहे. या दोन्ही गोष्टी पुढे कोणत्याही नव्या प्रोसेसरला चालणार नाहीत. पडद्यावरील चित्रे तयार करणारे ग्राफिक्स कार्ड जीटी ७३० हे २०१४ चे आहे. त्यावर ४ जीबी मेमरी लिहिलेली असली, तरी ती मेमरी वापरण्याएवढी ताकद त्या कार्डाच्या चिपमध्ये नाही, आणि त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्येच थांबवले. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. याचा अर्थ, आज ४२ हजार देऊन आपण असा कॉम्प्युटर घ्याल की ज्यावर अधिकृतपणे चालू काळातील विंडोजसुद्धा बसणार नाही. आपल्या मुलाने व्हॅलोरंट या गेमचे नाव लिहिले आहे. विंडोज ११ वर तो गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन सुरक्षा सोयी चालू असल्याशिवाय उघडतच नाही.

‘आय-३’, ‘आय-५’, ‘आय-७’ ही नावे एकाच पिढीतील प्रोसेसरांची आपापसांतील पायरी सांगतात. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना त्यांवरून होत नाही. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या आय-३ १२१०० मध्येही त्या जुन्या आय-७ प्रमाणेच चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गाभे) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामांचे प्रवाह) आहेत, परंतु गेममध्ये आणि इतर बहुतेक कामांत तो स्पष्टपणे पुढे आहे आणि वीजही कमी खातो. म्हणून दुकानात भाषा मराठी असो की कन्नड, कोटेशनमध्ये प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून मागावा, आणि तो लिहून देण्यास टाळाटाळ झाली तर दुसरे दुकान पाहावे.

आता साठ हजारांचे काय करावे, ते पाहू. बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात मॉनिटरपासून करावी, कारण बाकी सगळे भाग किती ताकदीचे हवेत हे पडदा ठरवतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, तर २५६० बाय १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, म्हणजे दुसऱ्या पडद्यासाठी ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक चित्रामागे पावणेदोन पट काम पडते. या रकमेत १०८० चाच पडदा घ्यावा, परंतु तो ६० हर्ट्झचा न घेता १०० हर्ट्झ किंवा त्याहून अधिकचा, शक्यतो आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) घ्यावा. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० पेक्षा अधिक चित्रे दाखवूच शकत नाही, त्यामुळे कार्डाने त्याहून जास्त चित्रे तयार केली तरी ती डोळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. एकूण रकमेचा साधारण सहावा हिस्सा मॉनिटरला द्यावा.

उरलेल्या पैशांतील सर्वांत मोठा वाटा, म्हणजे ३५ ते ४० टक्के, ग्राफिक्स कार्डाचा असावा. ८ जीबी मेमरीचे आरएक्स ६६०० हे कार्ड नवे आणि बिलासह मिळत असेल, तर १०८० च्या पडद्यासाठी ते आजही पुरेसे आहे. ते सुमारे १३२ वॉट वीज घेते आणि त्याला एसएमपीएसमधून (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) एकच आठ पिनांची केबल लागते. ते न मिळाल्यास दुकानदार बहुधा आरटीएक्स ३०५० सुचवेल. तेथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे: या नावाची ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डे आहेत, आणि त्यांत फरक केवळ मेमरीचा नसून ६ जीबीच्या कार्डातील चिपही कमी ताकदीची आहे. तसेच ४ जीबीचे आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त वाटले तरी टाळावे. ते मदरबोर्डाशी केवळ चार मार्गिकांनी जोडले जाते आणि पीसीआय-ई ३.० ही कार्डाची जुनी जोडणी असलेल्या बोर्डावर त्याचा वेग बराच घसरतो.

प्रोसेसरच्या बाबतीत माझे मत नेहमीच्या सल्ल्यापेक्षा थोडे वेगळे आहे. महानगरांतील जाणकार अशा बजेटमध्ये रायझेन ५ ५६०० किंवा आय-३ १२१००-एफ सुचवतात आणि गेमच्या दृष्टीने दोन्ही चांगलेच आहेत. परंतु या दोहोंमध्ये अंगभूत ग्राफिक्स, म्हणजे कार्डाशिवाय पडदा चालवण्याची सोय, नाही. इंटेलच्या क्रमांकापुढील ‘एफ’ अक्षराचा अर्थच तो आहे. ग्राफिक्स कार्ड बिघडले, तर कॉम्प्युटरचा पडदा काळा राहतो. बेंगळुरूत किंवा पुण्यात राहणारा माणूस कार्ड घेऊन सेवाकेंद्रात जाऊ शकतो. खानापूरच्या किंवा बेळगावच्या माणसाचे कार्ड दुकानदारामार्फत वितरकाकडे आणि तेथून कंपनीकडे जाते, आणि परत येईपर्यंत काही आठवडे सहज जातात. एवढे दिवस विद्यार्थ्याचा कॉम्प्युटर बंद ठेवणे परवडणारे नाही. म्हणून थोडे पैसे अधिक देऊन ‘एफ’ नसलेला आय-३ १२१००, आणि जमल्यास सहा कोअरचा आय-५ १२४००, घ्यावा. कार्ड दुरुस्तीला गेले तरी प्रोग्रामिंग, अहवाललेखन, ऑनलाइन तास हे सगळे अंगभूत ग्राफिक्सवर चालू राहील. यासोबत एच-६१० चा साधा मदरबोर्ड चालतो. त्यात पुढे बायोस (मदरबोर्डावरील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा प्रोसेसरही बसवता येतो. मात्र एच-६१० चे बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, हे विसरू नये.

रॅम १६ जीबी हवी, आणि ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे प्रोसेसरला दोन मार्गांनी मेमरी वापरता येते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव बरेच चढले असल्याने जुन्या यादीतील रॅमच्या किमतीवर विसंबू नये. आधी रॅमचा त्या दिवसाचा भाव विचारावा आणि तो फार जास्त असेल, तर एसएसडी एक टीबीऐवजी ५०० जीबीची एनव्हीएमई (मदरबोर्डावर थेट बसणारी वेगवान एसएसडी) घेऊन तोल सांभाळावा. एसएसडी नंतर वाढवणे सोपे असते.

ज्या भागात काटकसर करू नये, तो म्हणजे एसएमपीएस. आपल्याकडे स्वस्त कॅबिनेटसोबत ‘४५० वॉट’ असे लिहिलेला एसएमपीएस फुकट दिला जातो. तो ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरला कदाचित चालेल, पण १३० वॉटच्या कार्डाला त्यावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. हा एकच भाग असा आहे की जो स्वतः बिघडताना मदरबोर्ड, कार्ड आणि एसएसडी यांनाही सोबत नेऊ शकतो. नामांकित कंपनीचा ५५० वॉटचा, किमान तीन आणि शक्यतो पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस घ्यावा. त्यावरील ‘८० प्लस ब्राँझ’ ही खूण विजेचा किती भाग वाया जात नाही एवढेच सांगते. सुरक्षिततेची ती हमी नव्हे, म्हणून वॉरंटीची मुदत हा मला अधिक भरवशाचा निकष वाटतो. यासाठी लागणारे पैसे कॅबिनेटमधून काढावेत. रंगीत दिव्यांनी एकही चित्र वाढत नाही. समोर जाळी आणि दोन पंखे असलेले साधे कॅबिनेट पुरते.

असेंबल करून घेतल्यावर घरी तीन गोष्टी तपासाव्यात. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, तर ग्राफिक्स कार्डाला जोडलेली असावी. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरमध्ये ही चूक झाली तरी पडदा चालू होतो, त्यामुळे ती महिनोन्महिने लक्षात येत नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला किती चित्रे दाखवायची तो हर्ट्झमधील आकडा) मॉनिटरच्या पूर्ण क्षमतेवर ठेवावा. तिसरे म्हणजे बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सोय चालू करावी, नाहीतर रॅम तिच्या छापील वेगापेक्षा कमी वेगाने चालू शकते.

प्रश्न: मी निपाणीचा आहे. आम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. कोल्हापुरात भाग घेतले तर महाराष्ट्राचे बिल कर्नाटकात चालते का? कर वाचतो का? एक दुकानदार बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाला. की सरळ ऑनलाइन मागवावे?

उत्तर: वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी दोन राज्यांचे विक्रीवरील कर वेगवेगळे होते आणि सीमेपलीकडे खरेदी करताना त्याचा हिशेब करावा लागे. आता कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर दोन्हीकडे १८ टक्के दर आहे. बिलावर कर कोणत्या शीर्षाखाली दाखवला आहे त्यात फरक असू शकतो, पण आपल्या खिशातून जाणारी रक्कम बदलत नाही. तेव्हा कर वाचवण्यासाठी कोल्हापूरला जाण्यात अर्थ नाही. सुमारे चाळीस किलोमीटरवर अधिक दुकाने आणि अधिक पर्याय मिळतात म्हणून जावे, हे मात्र योग्य आहे.

कंपनीची वॉरंटी भारतभर चालते आणि बहुतेक भागांच्या बाबतीत ती अनुक्रमांकावरून तपासली जाते. म्हणून बिलावर प्रत्येक भागाचे मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावेत, आणि खोक्यावरील अनुक्रमांक भागावरील अनुक्रमांकाशी जुळतो की नाही हे दुकानातच पाहावे. अधिकृत वितरकाकडून न आलेला, बाहेरून परस्पर आणलेला माल असेल, तर भारतातील सेवाकेंद्र तो स्वीकारत नाही. बिलाशिवाय स्वस्त देण्याचा प्रस्ताव याच कारणाने नाकारावा. तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी ही किमतीचाच एक भाग आहे. बिल सोडले की आपण ती परत देऊन टाकतो.

ऑनलाइन खरेदीत भाव कधी कधी खरोखर कमी असतात. प्रोसेसर, रॅम, एसएसडी हे छोटे आणि सहसा न बिघडणारे भाग ऑनलाइन मागवायला हरकत नाही. पार्सल उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढावा. एसएमपीएस, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड मात्र जवळच्या दुकानातून घ्यावेत, थोडे महाग पडले तरी. बिघाड झाला तर हेच तीन भाग अधिक करून पाठवावे लागतात, आणि पाठवणे, पाठपुरावा करणे, परत आणणे हे काम दुकानदार करतो. खरेदीपूर्वी त्याला सरळ विचारावे: या कंपनीचे कार्ड बिघडले तर ते कोठे जाते आणि पाठवण्याचा खर्च कोणाचा? याचे नीट उत्तर देणाऱ्या दुकानदाराला हजार-पाचशे रुपये अधिक दिले, तरी ते वाया जात नाहीत.

कोल्हापूरहून तयार कॅबिनेट आणणार असाल, तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात स्वतंत्र आणावे. ते शक्य नसेल तर कॅबिनेट अशा रीतीने आडवे ठेवावे की मदरबोर्ड सपाट आणि कार्ड उभे राहील; उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवे लटकते आणि प्रत्येक गतिरोधकाला त्याचा भार मदरबोर्डाच्या खाचेवर पडतो. निपाणीसारख्या तंबाखूच्या बाजारपेठेत बारीक धूळ कायमची असते, त्यामुळे काढून धुता येईल अशी जाळी असलेलेच कॅबिनेट निवडावे आणि ते जमिनीवर ठेवू नये.

प्रश्न: बेळगावात शहापूर भागात आमचे घर आहे. घरी इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की नवा गेमिंग कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. जुना कॉम्प्युटर मात्र चालू राहायचा. एसएमपीएस खराब आहे का?

उत्तर: केवळ एवढ्यावरून तो खराब आहे असे म्हणता येत नाही. पुरवठा तुटल्यावर एसएमपीएस आपल्या आतील साठ्यावर फार तर पंधरा-वीस मिलिसेकंद तग धरतो, आणि भार जितका जास्त तितका हा काळ कमी होतो. घरगुती इन्व्हर्टर साध्या स्थितीत बॅटरीवर येण्यास यापेक्षा अधिक वेळ घेऊ शकतो. जुना कॉम्प्युटर कमी वीज घेत असल्याने निभावून जाई. नवा गेम चालू असताना निभावत नाही. अनेक इन्व्हर्टरांच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ अशी कळ असते; ती यूपीएसवर ठेवून पाहावी. इन्व्हर्टर चौरस लहरींचा असेल, तर मात्र नव्या एसएमपीएससाठी तो योग्य नाही, साइन लहरींचाच हवा.

खात्रीचा मार्ग म्हणजे कॉम्प्युटरसाठी वेगळा यूपीएस. येथे क्षमतेचा हिशेब नीट करावा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच देतो. सुमारे १३० वॉटचे कार्ड, प्रोसेसर, बाकीचे भाग आणि मॉनिटर मिळून गेम चालू असताना २५० ते ३०० वॉट होतात, आणि बॅटरी वर्षभर जुनी झाली की एवढा भार आल्याबरोबर यूपीएस शिट्टी वाजवून बंद पडतो. त्यामुळे १००० व्हीएच्या आसपासचा घ्यावा. त्यावर गेम खेळत बसण्याची अपेक्षा ठेवू नये; खेळ जतन करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरती काही मिनिटे मिळाली की त्याचे काम झाले.

यूपीएसपेक्षाही आधी पाहायची गोष्ट म्हणजे अर्थिंग. जुन्या वाड्यांत आणि गल्लीतील घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला तार जोडलेलीच नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. त्याशिवाय स्पाइक गार्डचाही पूर्ण उपयोग होत नाही. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढावा आणि त्याबरोबर इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी. प्लग काढूनही मदरबोर्डावरील नेटवर्कचा भाग जळाल्याच्या तक्रारी दुकानांत येतात. त्यामागे बहुधा ही जोडलेली राहिलेली केबल असते.

प्रश्न: चिकोडीतून लिहीत आहे. माझ्याकडे पस्तीस हजारच आहेत. सेकंडहँड कार्ड घ्यावे, की आता कार्डाशिवाय घेऊन नंतर घालावे?

उत्तर: व्हॅलोरंट, जुने गेम आणि अभ्यास एवढेच असेल, तर दुसरा मार्ग घ्यावा. रायझेन ५ ५६००-जी या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर हलके गेम १०८० च्या पडद्यावर कमी सेटिंगला चालतात. अशा प्रोसेसरची ग्राफिक्स रॅमच्याच मेमरीवर चालत असल्याने रॅमच्या दोन पट्ट्या येथे ऐच्छिक नसून आवश्यक आहेत. एसएमपीएस मात्र आजच ५५० वॉटचा घ्यावा, म्हणजे पुढे कार्ड आणल्यावर तो बदलावा लागणार नाही. नव्या पिढीचा ८६००-जी अधिक चांगला आहे, पण त्याला डीडीआर-५ रॅम लागते आणि सध्याच्या भावांत ती आपल्या रकमेत बसवणे कठीण आहे.

सेकंडहँड कार्ड घ्यायचेच असेल, तर ते पार्सलने मागवू नये. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलून त्याचे कार्डांवर होणारे मायनिंग (गणिते सोडवून चलन मिळवणे) बंद झाले आणि तेव्हापासून अहोरात्र चाललेली अनेक कार्डे बाजारात फिरत आहेत. मायनिंग झाले म्हणून कार्ड निकामीच असते असे नाही. पंखे आणि आतील थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) यांची झीज मात्र झालेली असते. ज्याचे बिल आहे आणि वॉरंटीचे काही महिने शिल्लक आहेत, असेच कार्ड पाहावे. विकणाऱ्याच्या घरी किंवा दुकानात ते स्वतः जोडून घ्यावे आणि अर्धा तास एखादा जड गेम चालवून तापमान, पंख्यांचा आवाज आणि पडद्यावर ठिपके किंवा रेघा येतात का हे पाहावे. कार्डाच्या मागचे सगळे पोर्ट एकेक करून मॉनिटरला लावून बघावेत. स्क्रूवरील वॉरंटीचे स्टिकर फाटलेले असेल, तर किंमत तशीच उतरवून मागावी किंवा कार्ड सोडून द्यावे.